मशेरीची डबी आणि माझा मोबाईल

"डॉक्टर, मशेरी नाय लावली तर पोटच साफ होत नाय वो. मग दिवसभर डोकं धरतं, कामाला हात जात नाय."

रत्नागिरी परिसरात प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य पाठ असतं. मागच्या महिन्यात ते मी पुन्हा ऐकलं, पन्नाशीच्या एका बाईंकडून. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून इथे आणि पुढेही तपशील बदलले आहेत.) त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. सुनेला पाचवा महिना लागला होता, हिमोग्लोबिन कमी होतं, म्हणून तिला घेऊन आल्या होत्या. सुनेचं तोंड तपासताना हिरड्यांवर काळसर थर दिसला. विचारलं तर तिने सासूकडे बघितलं, आणि सासूबाईंनी वरचं उत्तर दिलं. सुनेला माहेरी ही सवय नव्हती. लग्नानंतर वर्षभरात दाढ दुखायला लागली. सासूबाईंनी अगदी मायेने स्वतःची डबी पुढे केली, जरा लाव, ठणका थांबेल. ठणका थांबला. किडलेली दाढ तशीच राहिली आणि मशेरीही राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशेरी, कुणी मिश्री म्हणतं, म्हणजे तव्यावर करपेपर्यंत भाजलेल्या तंबाखूची भुकटी. सकाळी उठल्यावर बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळायची. नाव दात घासण्याचं, काम तंबाखूचं. विडी ओढणाऱ्या किंवा गुटखा खाणाऱ्या पुरुषाला घरात कुणीतरी कधीतरी टोकतं. मशेरी लावणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही, ती स्वतःही म्हणत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा 'दात घासणारी' बाई मी पाहिली आहे आणि ती मला अगदी गंभीरपणे सांगत होती की आपल्या घरात कुणालाही कसलंही व्यसन नाही.

पूर्वी मी अशा बायकांना ओरडत असे. त्यातल्या एका बाईंबद्दल सांगायलाच हवं. त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला होता. मी आवाज चढवून म्हणालो, "मरायचंय का? आजपासून बंद. पुन्हा तोंडात मशेरी दिसली तर इथे येऊ नका." त्यांनी मान हलवली, गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि गेल्या. मला वाटलं, काम झालं. त्या परत आल्या अडीच वर्षांनी. चट्ट्याच्या जागी न भरणारी जखम होती आणि जबड्याखाली गाठ हाताला लागत होती. इतके दिवस का आला नाहीत, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सुटली नव्हती ना. तुम्ही येऊ नका म्हणालात."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्यानंतर मी व्यसनाबद्दल पुन्हा नीट वाचायला लागलो, कारण 'सोडा' असं सांगण्यापलीकडे मला स्वतःलाच काही येत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. तुम्ही मशेरी लावत नसाल, दारूला शिवत नसाल, तरी पुढचं वाचा. व्यसन कशाचंही असो, मेंदूतला रस्ता बराचसा एकच असतो.

त्या दिवशी सासूबाईंना मी एक प्रश्न विचारला, जो आता सगळ्यांना विचारतो. "शेवटची मशेरी कधी छान लागली होती?"

त्या हसल्या. "छान कसली? लावली की बरं वाटतं. नाय लावली की बरं वाटत नाय."

व्यसनाची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. आपली समजूत असते की व्यसनी माणूस मजेच्या मागे लागलेला असतो. सुरुवात मजेनेच होते हे खरं. पण ज्याला आपण व्यसन म्हणतो त्या टप्प्यावर मजा जवळजवळ संपलेली असते. उरतं ते फक्त 'बरं वाटत नाही' हे थांबवणं.

असं का होतं? खाडी ओलांडणारी एखादी लहान होडी डोळ्यांसमोर आणा. कुणी उजवीकडे जड टोपली ठेवली की होडी उजवीकडे कलते. होडीवाला काय करतो? दोन माणसांना डावीकडे सरकून बसायला सांगतो. होडी सरळ होते. आपला मेंदू हेच करतो. त्याला कलंडलेलं राहणं चालत नाही. तंबाखूने, दारूने किंवा आणखी कशाने तो सुखाच्या बाजूला कलला, की तो दुसऱ्या बाजूला वजन टाकतो आणि स्वतःला सरळ करतो. म्हणून पहिली मजा थोड्या वेळाने उतरते, आणि उतरताना किंचित खालीही जाते. एखादवेळी केलेल्या गोष्टीत हे लक्षातही येत नाही.

पण टोपली रोज, त्याच वेळी, दिवसातून सहा वेळा यायला लागली, तर होडीवाला शहाणा होतो. टोपली यायच्या आधीच तो माणसं डावीकडे बसवून ठेवतो. आता टोपली आली तर होडी जेमतेम सरळ. आली नाही तर होडी डावीकडे कलंडलेली. डोकं धरणं, चिडचिड, कामात मन न लागणं, पोट न साफ होणं, हे सगळं म्हणजे डावीकडे बसून राहिलेली माणसं. टोपली आता मजेसाठी नको असते, बुडू नये म्हणून हवी असते. म्हणजे मशेरीने जी भूक लावली तीच मशेरी भागवते, आणि आपण तिचे उपकार मानतो.

रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा विचार सिद्धांत म्हणून मांडला. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅना लेंबके यांनी 'डोपामिन नेशन' या पुस्तकात तो सामान्य वाचकांपर्यंत नेला. त्यांनी सी-सॉची उपमा वापरली. आपल्याकडे होडी जास्त लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

तंबाखूच्या बाबतीत ही डावीकडची माणसं काही प्रमाणात दाखवताही येतात. मेंदूच्या पेशींवर निकोटिन पकडणारे रिसेप्टर असतात, समजा छोटी तोंडं. सतत निकोटिन मिळत राहिलं की त्यांची संख्या वाढते. निकोटिन शरीरात फार टिकत नाही, रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग ही वाढलेली तोंडं उपाशी राहतात. बाईंचा हात दर दोन-तीन तासांनी डबीकडे का जातो, त्याचं हे गणित. आणि पोटाचं म्हणाल, तर त्या खोटं बोलत नव्हत्या. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आतड्यांना त्या ढकलण्याची सवय होते, आणि तंबाखू सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणं ही ओळखीची तक्रार आहे. पूर्वी मी या तक्रारीला हसायचो. आता आधी तिच्यावर उपाय देतो. सकाळी उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, लागलंच तर रात्री इसबगोल. पोट साफ व्हायला लागलं की मशेरीची निम्मी वकिली संपते.

आता 'डोपामिन' या शब्दाबद्दल, कारण तो हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतो. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं तिथे लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत एका विशिष्ट ठिकाणी बारीक तार बसवली आणि उंदरांना एक खटका दिला. खटका दाबला की तिथे सौम्य वीज जायची. उंदीर तो खटका तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आनंदाचं केंद्र सापडलं. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उलटा प्रयोग केला. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. हे उंदीर समोर अन्न असूनही उठून खायला जात नव्हते. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं, तर ते जिभल्या चाटत, अगदी तान्हं मूल गोड लागल्यावर चाटतं तसे. म्हणजे आवडत होतं, पण हवंसं वाटत नव्हतं. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोपामिनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे.

व्यसनात नेमकं हेच फाटतं. आवडणं कमी कमी होत जातं आणि हवंसं वाटणं वाढत जातं. 'मला ते आवडतही नाही, तरी मी करतो' असं सांगणारा माणूस नाटक करत नसतो.

हे मला उंदरांवरून कळलं त्याहून जास्त माझ्या स्वतःवरून कळलं. रात्री साडेदहाला जेवण झालं की मी आडवा पडून मोबाईल हातात घ्यायचो. दहा मिनिटं, असं ठरवून. रील्स बघता बघता साडेबारा. त्यात आवडलेलं काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर मला एकही सांगता आलं नसतं. एका रात्री माझी मुलगी शेजारी बसून काहीतरी सांगत होती. मी 'हं, हं' करत होतो. ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी आत्ता काय सांगितलं?" मला सांगता आलं नाही. शाळेच्या नाटकातून तिचं नाव काढलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडून कळलं. दिवसा मी लोकांना मशेरी सोडायला सांगत होतो.

मोबाईल कसा पकडतो ते बघण्यासारखं आहे. तुमच्यापैकी कुणी जेटीवर गरवायला बसलं असेल तर लगेच कळेल. प्रत्येक वेळी गरी टाकली की मासा, असं झालं तर माणूस अर्ध्या तासात कंटाळून घरी जाईल. कधीच नाही लागला तरी उठेल. पण कधी लागतो, कधी नाही, कधी अचानक मोठा लागतो, तेव्हा अंधार पडला तरी उठवत नाही. बक्षीस अनिश्चित असलं की प्राणी सगळ्यांत चिकाटीने प्रयत्न करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर दाखवलं होतं. पुढे वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. सुरुवातीला फळांचा रस मिळाल्यावर त्या पेशी जाग्या व्हायच्या. रसाआधी एक दिवा लागतो हे माकडाला कळलं, की पेशी रसाला नव्हे तर दिव्याला जाग्या व्हायला लागल्या. माझ्या बाबतीत जेवणाचं ताट उचललं जाणं हा तो दिवा होता. बाईंच्या बाबतीत चुलीवर चहाचं आधण. तुमचा दिवा कोणता, हे शोधणं हे उपचारातलं पहिलं काम आहे, आणि ते कुठल्याही गोळीपेक्षा महत्त्वाचं आहे.

सुनेकडे परत येतो, कारण तिच्या बाबतीत वेळ कमी होता. मशेरीतलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून वारेतून बाळापर्यंत जातं. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यातल्या धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मशेरीच सर्वाधिक होती. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन इतर कारणं वजा करूनही सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. ज्या बाळाचं वजन मुळातच अडीच किलोच्या आसपास आहे, त्याच्यासाठी ते थोडे नसतात. मी हे आकडे सांगितले तेव्हा सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मीच दिली तिला." मी त्यांना म्हणालो, दुखत होतं म्हणून दिलीत, आता दाढेचं बघू. ओरडलो असतो तर त्या दोघीही परत आल्या नसत्या.

आता सोडायचं कसं ते.

एक मच्छीमार माझ्याकडे येत असे. दिवसाला तंबाखूच्या सात-आठ पुड्या. त्याला होडीची उपमा सांगितली आणि म्हणालो, टोपली बंद केल्यावर डावीकडची माणसं लगेच उठत नाहीत. पहिले तीन दिवस सगळ्यांत वाईट, पुढचे तीन-चार आठवडे हळूहळू सुधारणा. तेवढे दिवस होडी कलंडलेलीच राहणार, आणि ते बिघडल्याचं नव्हे, दुरुस्त होत असल्याचं लक्षण आहे. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे बंदी पाळायची तर." जून-जुलैमध्ये समुद्रात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माशांची वीण होते, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. बंदीच्या काळात समुद्र रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. तेव्हापासून मी 'तंबाखू सोडा' म्हणण्याऐवजी चार आठवड्यांची बंदी सुचवतो. कायमचं सोडायचं म्हटलं की माणूस घाबरतो. चार आठवडे म्हटलं की निदान ऐकतो, आणि चार आठवड्यांनी त्याला स्वतःलाच फरक कळतो. सकाळचा चहा पुन्हा चवीला लागायला लागतो, झोप लागते. मग पुढचं बोलता येतं.

बंदीच्या आधी आठवडाभर वही ठेवा. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारा. कधी लावली, त्याआधी काय चाललं होतं. बहुतेकांना कळतं की सहापैकी तीन वेळा सवयीच्या आहेत, त्या फारशा त्रासाशिवाय जातात. खरी झुंज सकाळच्या पहिल्या वेळेशी असते. प्रत्येक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढी टळली की ती ओसरते. तेवढ्या वेळापुरतं हाताला आणि तोंडाला काहीतरी लागतं. बडीशेप, ओवा, लवंग, आमसुलाचा तुकडा, ज्याला जे रुचेल ते. ज्यांना तीव्र त्रास होतो त्यांच्यासाठी निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. पण ते साध्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नसतं. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, पुन्हा थोडं चावायचं. आणि त्याच वेळी तोंडात आमसूल किंवा लिंबू नको, आंबटामुळे निकोटिन शोषलं जात नाही. गरोदर बाईने हे च्युइंगम स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. आमच्या या सुनेला त्याची गरजही पडली नाही. तिची सवय वर्षभराचीच होती आणि तिचं मुख्य कारण ती दाढ होती.

दारूचा विषय वेगळा आहे, आणि इथे मी तुम्हाला थांबवून सांगतो. आपल्याकडे श्रावण पाळण्याची चांगली पद्धत आहे. गटारीला शेवटचं, आणि मग महिनाभर मासे नाहीत, मटण नाही, दारू नाही. अधूनमधून पिणाऱ्याने जरूर पाळावा. पण रोज पिणारा, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि दोन घोट घेतल्यावर थांबतात, अशा माणसाने श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भास व्हायला लागतात, माणसं ओळखेनासा होतो. यात जीव जाऊ शकतो. घरचे समजतात बाहेरचं काहीतरी लागलं आणि देवऋषी शोधायला जातात. तसं करू नका, दवाखान्यात आणा. अशा माणसाने दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि जीवनसत्त्व ब-१ घेऊन. आणखी एक. 'मी श्रावणात पीत नाही, म्हणजे मला व्यसन नाही' हा पुरावा फारसा पक्का नाही. श्रावण संपायला किती दिवस उरलेत हे ज्याला रोज पाठ असतं, त्याने माझ्याशी बोलावं.

सोडल्यावर टिकायचं कसं, याबद्दल एक जुना अभ्यास मला फार आशादायक वाटतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइन फार पसरलं होतं. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. जवळजवळ पाचातला एक तिथे असताना स्वतःला व्यसनी म्हणवत होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी शंभरात पाचच जण पुन्हा त्या व्यसनात अडकले. हेरॉइनसारखी वस्तू, आणि तरीही. कारण ती जागा, ती माणसं, तो कंटाळा आणि ती भीती मागे राहिली होती. याची उलटी बाजू आपल्याकडे दिसते. मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी दहा दिवस घरच्या माणसांत गुटख्याशिवाय राहतो आणि परतीच्या गाडीतून उतरून खोलीवर पोचायच्या आत टपरीवर उभा असतो. म्हणून डबी नुसती बंद करून कपाटात ठेवू नका, घराबाहेर काढा. मशेरी भाजायचा तवा कुणाला तरी देऊन टाका.

रिकाम्या जागी काय ठेवायचं, हाही प्रश्न आहे. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अनिताबाई मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचट स्वतः ओरिगामी, बासरी, लाकडातलं कोरीवकाम यांत रमणारे गृहस्थ. आनंदाची दुसरी साधनं हाताशी असणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडे बघून कळत असे. माझं निरीक्षण असं की ज्या आनंदासाठी आधी थोडे कष्ट पडतात, तो नंतर माणसाला खाली ओढत नाही. भाट्याच्या वाळूत भल्या सकाळी चालणं, परड्यात खणणं, शिमग्याच्या आधी महिनाभर नमनाची तालीम, भजनाचा सराव. होडीत आधी डावीकडचं वजन पडतं, आणि मग ती आपोआप उजवीकडे येते. आमच्या त्या मच्छीमाराने संध्याकाळी जाळी विणायला घेतली. दोन्ही हात गुंतले की पुडी फोडता येत नाही, असं त्याचं साधं तर्कशास्त्र. सात महिने झाले. मध्ये एका लग्नात त्याने खाल्ली, दुसऱ्या दिवशी तोंड लपवत आला. मी म्हणालो, बंदी मोडली तर होडी जाळत नाहीत, पुन्हा किनाऱ्यावर ओढतात.

घरच्यांना एक विनंती. 'व्यसनी' हा शब्द शिवीसारखा वापरू नका. संस्कृतात व्यसन या शब्दाचा अर्थ संकट, आपत्ती असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावर येणाऱ्या व्यसनांवर एक अख्खं अधिकरण आहे. घरावर संकट आलं की आपण त्या माणसाच्या बाजूने उभे राहतो, समोर नाही.

एकट्याने जमत नसेल तर फोन करा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६, दारू आणि इतर नशेसाठी १४४४६, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. तिन्ही क्रमांक मोफत आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे म्हणून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला 'वेडा' म्हणायची सवय आपल्या गावाला लागली आहे. तीही एक सवयच.

माझा मोबाईल आता रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर असतो. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले. नुसतं छताकडे बघत पडायचो, आणि कंटाळा इतका की राग यायचा. हल्ली मुलगी तेव्हा येऊन बसते. अजूनही आठवड्यातून एखादी रात्र अशी येते की मी पाणी प्यायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जातो.

सून गेल्या सोमवारी येऊन गेली. दाढेवर दंतवैद्यांनी उपचार केले आहेत, हिरड्यांवरचा थर कमी झालाय, वजन दीड किलोने वाढलंय. सासूबाईंचा तो अठरावा दिवस होता. मी काही विचारायच्या आत त्यांनी पिशवीतून रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच ठेवा. घरात असली की हात जातो." मग दाराशी जाऊन वळल्या. "पोट मात्र अजून नीट साफ होत नाय हां." इसबगोल एक चमचा वाढवून दिलंय.